वाडग्याच्या आतल्या तळासाठी स्क्रेपर कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी १२ इंची लेथ (लाकूड फिरवत कातायचं यंत्र) आहे, आंबा, फणस आणि रेन ट्रीच्या लाकडाचे आठ-दहा इंची वाडगे करता. बाऊल गॉज, म्हणजे वाडगे कातायचं पन्हळीच्या आकाराचं हत्यार, बऱ्यापैकी हातात बसला आहे. पण आतल्या बाजूला, भिंत संपून तळ सुरू होतो त्या वळणावर रेघा आणि उंचवटे राहतात आणि मग ८० नंबरचा खरखरीत सँडपेपर मारत बसावं लागतं. बाजारात गोल नाकाचे, चौकोनी, निगेटिव्ह रेक, कार्बाइडच्या टिपेचे असे नाना स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडणारी सपाट पट्टीची हत्यारं, दिसतात. एकच घ्यायचा तर कोणता, आणि ओळखीच्या लोहाराकडून जुन्या कानशीचा करून घेतला तर चालेल का?

आधी कानशीचं सांगतो, कारण त्यात डोळा जाण्याचा धोका आहे. कानशीचा स्क्रेपर करू नका आणि कुणी केलेला दिला तर वापरूही नका. लोखंड घासता यावं म्हणून कानशीला अतिशय कडक पाणी दिलेलं, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केलेलं असतं. इतकं कडक पोलाद धार छान धरतं, पण दचका बसला की वाकत नाही, सरळ तुटतं. त्यात दातांची प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायला आयती जागा. १० इंची वाडगा मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड सेकंदाला साडेदहा मीटरच्या वेगाने हत्यारासमोरून जात असते. त्या वेगात हत्यार लाकडात घुसलं आणि टूल रेस्टवर, म्हणजे हत्यार टेकवायच्या आडव्या दांडीवर, त्याचे दोन तुकडे झाले, तर पुढचा तुकडा कुठे जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. कानस तापवून तिचं पाणी थोडं उतरवलं की भागतं, असं सांगणारे भेटतील. पण ते सगळीकडे सारखं उतरलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून मी त्या वाटेला जाऊ नका असंच सांगेन.

लोहाराकडूनच करून घ्यायचा असेल तर ट्रकच्या कमानपाट्याचा करा. आठ-दहा मिलिमीटर जाडीचा पाटा भंगारात सहज मिळतो, आणि ते पोलाद मुळात दचके सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. पाटा सरळ करून घ्या, टोकाचे दोनेक इंच तेवढे पुन्हा तापवून पाणी द्यायला सांगा, आणि टूल रेस्टवर टेकणारा मधला भाग आहे तसा चिवट राहू द्या. अशा स्क्रेपरची धार हायस्पीड स्टीलइतकी टिकत नाही. ग्राइंडरवर टोक निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं असं समजायचं आणि तेवढा भाग घासून काढायचा. पण हत्यार म्हणून ते सुरक्षित असतं आणि शिकायला पुरतं.

आता निवडीकडे वळू. स्क्रेपर घेताना बहुतेक जण आधी टोकाचा आकार बघतात, मग कंपनी, मग पोलादाचा नंबर. मी पहिल्यांदा जाडी बघतो. त्याचं कारण स्क्रेपर काम कसं करतो यातच आहे.

गॉजने कापताना बेव्हल, म्हणजे धारेमागचा घासलेला उतार, लाकडावर टेकलेला असतो. नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागाचाच आधार घेत तो पुढे सरकतो. स्क्रेपरला हा आधार नाही. त्याची फक्त कड लाकडाला लागते आणि सगळा भार टूल रेस्ट आणि पट्टीचा ताठपणा यांच्यावर येतो. पट्टी जराशी जरी लवली तरी कड खाली जाते, जास्त लाकूड घेते, सुटते, परत वर येते. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि वाडग्यात किरणांसारख्या पसरलेल्या बारीक लाटा उमटतात. शाळेतली प्लास्टिकची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर काढून टिचकी मारून बघा: थोडी बाहेर असेल तर बारीक आवाज येतो, जास्त बाहेर काढली तर फडफडते. टूल रेस्टच्या पुढे आलेल्या स्क्रेपरचं अगदी तेच होतं.

याचा हिशेब सोपा आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ६ मिलिमीटरऐवजी ८ मिलिमीटरची पट्टी घेतली तर ती जवळजवळ २.४ पट ताठ होते, आणि १० मिलिमीटरची घेतली तर साडेचार पटींहून जास्त. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा मात्र फक्त दुप्पट होतो. म्हणजे दीड इंच रुंद पण ६ मिलिमीटर जाड असा भारदस्त दिसणारा स्क्रेपर खोल वाडग्यात एक इंच रुंद आणि १० मिलिमीटर जाड स्क्रेपरपुढे टिकत नाही. उलट त्याची रुंद कड लाकडाला जास्त लागते आणि थरथर वाढवते. तुमच्या कामाला २५ मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड हे माप मी निःशंकपणे सांगतो. दहाचा मिळालाच नाही तर आठचा घ्या. सहाचा वाडग्याच्या आत घालू नका. तो बाहेरच्या बाजूला किंवा लहान डब्या करायला ठीक आहे.

घनाचा हाच नियम पट्टी टूल रेस्टच्या किती बाहेर येते यालाही लागू पडतो, आणि इथे तो आपल्या विरुद्ध जातो. ५० मिलिमीटर बाहेर असलेला स्क्रेपर १०० मिलिमीटर बाहेर काढला की त्याच दाबाखाली आठ पट लवतो. तुमचा वाडगा तीन-साडेतीन इंच खोल असेल आणि टूल रेस्ट सरळ, तोंडाबाहेरच राहणारा असेल, तर तळाला पोचेपर्यंत स्क्रेपर शंभर मिलिमीटर बाहेर आलेलाच असतो. तळाच्या वळणावरचे तुमचे उंचवटे निम्मे तरी यातूनच आलेले असावेत, कारण गॉजही तिथे तितकाच लांब बाहेर असतो. म्हणून स्क्रेपरच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्या आधी, वाडग्याच्या आत शिरणारा वाकडा टूल रेस्ट मिळवा. तयार मिळत नसेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून १६-२० मिलिमीटरचा गोल गज वाकवून, तुमच्या टूल रेस्टच्या दांड्याइतक्याच जाडीच्या दांड्यावर वेल्ड करून घ्या. वरची बाजू गुळगुळीत घासून घ्या, नाहीतर हत्यार सरकताना अडखळतं.

आकाराकडे येऊ. पूर्ण अर्धगोल नाकाचा स्क्रेपर सगळ्यात जास्त दिसतो आणि नवशिके तोच घेतात. तो वाईट नाही. पण वाडग्याच्या आत काम करताना आपण नेहमी हत्याराच्या डाव्या बाजूने काम करतो. लेथसमोर उभं राहिल्यावर हेडस्टॉक, म्हणजे लाकूड फिरवणारं डोकं, डावीकडे असतो, हत्यार उजवीकडून वाडग्यात शिरतं, आणि आपल्याकडची भिंत, म्हणजे खाली जाणारी बाजू, हत्याराच्या डावीकडे येते. अर्धगोलाची उजवी बाजू नुसती पडून राहते. म्हणून ज्याचा गोल नाकाच्या उजव्या टोकापासून सुरू होऊन डाव्या अंगाला तीस-चाळीस मिलिमीटर मागेपर्यंत गेलेला आहे, असा डावीकडे झुकलेला स्क्रेपर घ्या. तो नाही मिळाला तर साधा गोल नाकाचा घेऊन ग्राइंडरवर हळूहळू त्या आकारात आणा. पट्टी तीच राहते, आकार तुमच्या हातात असतो. त्यामुळे दुकानातला आकार जाडीइतका महत्त्वाचा नाही.

आकार ठरवायचा कसा? वाडगा कापून होत आला की पुठ्ठ्याचा तुकडा घ्या आणि आतल्या वळणाला बसेल असा कापून घ्या. तो पुठ्ठा स्क्रेपरच्या टोकावर ठेवून बघा. स्क्रेपरची वक्रता वाडग्याच्या वळणापेक्षा थोडी जास्त, म्हणजे गोल थोडा लहान हवा. दोन्ही तंतोतंत जुळले तर अख्खी कड एकदम लाकडाला लागेल आणि हत्यार हातातून हिसकलं जाईल. स्क्रेपरचा गोल फारच लहान असेल तर प्रत्येक फेऱ्याला नवी खाच पडेल आणि उंचवटे जाण्याऐवजी वाढतील. एका वेळी कडेचा आठ-दहा मिलिमीटर भाग लाकडाला लागावा, त्याहून जास्त नको. तुमचे वाडगे साधारण एकाच घडणीचे असतील तर एका स्क्रेपरवर भागेल. सपाट तळ आणि उभ्या भिंतीचे करायला लागलात तर वेगळा, जवळजवळ चौकोनी पण डावा कोपरा गोलावलेला असा एक लागेल. कोपरा टोकदार ठेवलेला चौकोनी स्क्रेपर वाडग्याच्या आत कधीच नेऊ नका. बाहेरून बुडाजवळ, चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचा टेनन, म्हणजे बुडाचा खुंटा, साफ करायला तो चांगला.

पोलादाला मी तिसरं स्थान देतो. साधं एम-२ हायस्पीड स्टील आपल्या कामाला भरपूर आहे. त्यात साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि धारेवर ते निळं पडलं तरी त्याचं पाणी उतरत नाही. साध्या कार्बन स्टीलचं उतरतं. पावडरपासून बनवलेली महागडी पोलादं जास्त वेळ टिकतात हे खरं. पण स्क्रेपरची कड तशीही सतत नवी करावी लागते, त्यामुळे पहिल्या हत्यारासाठी ते पैसे वाकड्या टूल रेस्टवर आणि चांगल्या ग्राइंडिंग व्हीलवर खर्च करा. एक काळजी घ्या: हायस्पीड स्टील तापलं म्हणून पाण्यात बुडवू नका. अचानक थंड झाल्याने कडेला डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात. हवेत निवू द्या.

चांगली पट्टी आयात केलेली घ्यावी लागते असं नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत हायस्पीड स्टीलचे टूल बिट विचारा. ते मशीन शॉपसाठी असतात, आखूड असतात, आणि त्यांना सरळ मूठ बसवता येत नाही. पण वीस मिलिमीटरच्या चौकोनी माइल्ड स्टीलच्या दांड्याला पुढून भोक पाडून त्यात बिट बसवला आणि वरून ग्रब स्क्रूने आवळला की आतल्या वळणांसाठी उत्तम, बदलता येणाऱ्या टोकाचं हत्यार तयार होतं. बिट दांड्याच्या फार बाहेर काढायचा नाही, अर्धा इंच पुरे. मूठ लांब ठेवा. दहा मिलिमीटरच्या स्क्रेपरला चौदा-पंधरा इंचांची मूठ हवीच, कारण रेस्टच्या पुढे जो जोर लागतो तो मागे तुम्हाला लांबीनेच तोलायचा असतो.

खरं काम करते ती बर. मशीन शॉपमधले लोक ग्राइंडिंगनंतर कडेला उभी राहणारी पातळ, तीक्ष्ण किनार काढून टाकतात. स्क्रेपरला तीच किनार हवी असते. स्क्रेपरचा बेव्हल सत्तर ते ऐंशी अंशांचा ठेवा. ग्राइंडरचं टेबल त्या कोनाला लावा, स्क्रेपर त्यावर सपाट ठेवा आणि हलक्या हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुठेही न थांबता फिरवा. मग अंगठा वरच्या सपाट बाजूवरून कडेकडे बाहेर सरकवा. कधीही उलटा, कडेवरून आत नाही. कडेशी पोचताच अंगठ्याला बारीकशी अडखळ जाणवली पाहिजे, आणि ती गोलाच्या सगळ्या लांबीवर सारखी पाहिजे. जिथे अडखळ नाही तिथे स्क्रेपर कापणार नाही, नुसता घासेल. अशा वेळी लोक जोर वाढवतात आणि तिथेच हत्यार घुसतं.

ग्राइंडर चार पोलच्या मोटरचा, साधारण १४४० फेऱ्यांचा मिळाला तर घ्या. नेहमीचे २८०० फेऱ्यांचे ग्राइंडरही चालतात, हात जरा जास्त हलका ठेवावा लागतो. सोबत येणारं करड्या रंगाचं व्हील काढून पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ८० किंवा १२० नंबरचं बसवा आणि ड्रेसरने (व्हील खरवडायच्या अवजाराने) त्याचं तोंड वरचेवर साफ करा. चकाकी आलेल्या व्हीलवर बर येत नाही, पोलाद नुसतं तापतं.

आता वापर. स्क्रेपर गॉजची जागा घेत नाही. गॉजने जितकं स्वच्छ करता येईल तितकं करा आणि मगच स्क्रेपर उचला. त्याने काढायचं ते एखादा मिलिमीटर, तेही दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. टूल रेस्ट अशा उंचीला लावा की स्क्रेपरची मूठ टोकापेक्षा किंचित वर असेल आणि कड वाडग्याच्या मध्यरेषेवर किंवा तिच्या जराशी वर येईल. आतल्या बाजूला हे फार महत्त्वाचं आहे. कड मध्याच्या वर असेल आणि काही कारणाने खाली दबली, तर ती मोकळ्या जागेकडे जाते. मध्याच्या खाली असेल आणि दबली, तर लाकडात शिरते. बाहेरच्या बाजूला नेमकं उलट, तिथे कड मध्यावर किंवा किंचित खाली. मूठ खाली आणि टोक वर अशी धरलीत, तर वरच्या दोन्ही गोष्टी सांभाळूनही दचका बसेल.

चांगला चाललेला स्क्रेपर आवाजावरून कळतो. एकसारखा, मऊ सुसकारा येतो आणि कडेवरून बारीक, कुरळा कीस उडतो. कीस जाऊन नुसता भुसा पडायला लागला की बर गेली. आवाज चढून किंचाळी झाली तर पट्टी जास्त बाहेर आहे, किंवा कड जास्त लागते आहे, किंवा भिंत थरथरते आहे. तिन्ही कारणांवर जोर लावणं हा उपाय नाही. लेथ थांबवा, हातात टॉर्च घेऊन उजेड आडवा टाका आणि वाडगा हाताने सावकाश फिरवा. उंचवटे तर दिसतीलच, पण समोरासमोर दोन ठिकाणी लाकूड मंद, केसाळ दिसेल. वाडगा फळीच्या अंगाने कापलेला असतो, म्हणून प्रत्येक फेरीत दोनदा तंतूंची टोकं हत्याराच्या समोर येतात आणि दोनदा तंतूंची लांबी. उचकटतात ती टोकांकडचीच दोन ठिकाणं. ती स्क्रेपरने फार खरवडून जात नाहीत, कधी आणखी खोल उपटली जातात. तिथे गॉजला नवी धार लावून वाडग्याच्या तोंडाकडून तळाकडे एक हलका कट घ्या. त्या जागेला आधी थोडं पाणी किंवा पातळ केलेलं लाखेचं सँडिंग सीलर लावलं तर तंतू उभे धरले जातात आणि कट जास्त स्वच्छ येतो.

इथे एक सांगून ठेवतो, कारण बरेच जण खेळणी कातणाऱ्या कारागिरांकडे बघून गोंधळतात. सावंतवाडी किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेची खेळणी लेथवर सपाट हत्याराने सरसर होताना दिसतात आणि वाटतं, वाडग्यालाही असंच जमेल. तिथे लाकडाचे तंतू बहुतेक लेथच्या अक्षाला समांतर असतात. हत्यार फिरताना तंतूंची टोकं आलटून पालटून समोर येत नाहीत. शिवाय चन्नपट्टणला पारंपरिकपणे वापरतात ते काळ्या कुड्याचं लाकूड बारीक, एकसारख्या पोताचं असतं. हात त्यांचा पिढीजात तर आहेच. पण लाकडाची मांडणी हा मोठा फरक आहे, आणि आपल्या वाडग्याला ती सवलत मिळत नाही.

भिंतीच्या वरच्या निम्म्या भागात स्क्रेपर शक्यतो नेऊच नका. कडेजवळची भिंत सात-आठ मिलिमीटरवर आली की ती हत्याराच्या स्पर्शाने कंप पावते. त्यातून लाकूड आतून मोकळं झाल्यावर ताण बदलतात आणि वाडगा तासाभरात किंचित लांबट होतो. पावसाळ्यात कोकणात तर रात्रभर चकवर राहिलेला वाडगा सकाळी डोळ्यांना दिसेल इतका वाकडा असतो. अशा कडेवर स्क्रेपर टेकवला की तो दोनच ठिकाणी ठोकत जातो आणि तिसऱ्या ठोक्याला घुसतो. म्हणून कड आणि वरचा भाग गॉजने पूर्ण करून टाका, मग खाली उतरा आणि पुन्हा वर जाऊ नका. स्क्रेपरचं खरं घर तळ आणि तळाजवळचं वळण. तिथे लाकूड जाड असतं, आधार असतो, आणि हत्यारासमोरून लाकूड जाण्याचा वेगही कमी असतो.

बाहेरच्या बाजूला हाच स्क्रेपर वेगळ्या पद्धतीने फार उपयोगी पडतो. पट्टी टूल रेस्टवर सपाट न ठेवता सुमारे पंचेचाळीस अंश तिरपी करा आणि कडेच्या खालच्या भागाने, बुडाकडून तोंडाकडे हलकेच ओढा. कड तिरपी लागल्याने ती तंतूंना उभं खरवडण्याऐवजी तिरकं छाटते आणि कापसासारखा कीस निघतो. यात दोन पथ्यं आहेत. पट्टीच्या खालच्या कडा ग्राइंडरवर गोल करून घ्या, नाहीतर त्या रेस्टला खाचा पाडतात आणि हत्यार अडकतं. आणि कडेचा वरचा भाग कधीही लाकडाला लागू देऊ नका, तो लागला तर पट्टी हातात फिरते. वाडग्याच्या आत ही पद्धत अनुभव आल्यावर करा, तोवर नको.

निगेटिव्ह रेकबद्दलही तुम्ही विचारलं आहे. यात वरच्या बाजूलाही एक उतार घासलेला असतो, त्यामुळे स्क्रेपर सपाट धरला तरी कड आपोआप मागे झुकलेली राहते आणि घुसण्याची शक्यता फार कमी होते. दोन्ही उतार मिळून टोकाचा कोन नव्वदच्या आत असला पाहिजे. मी वर तीस आणि खाली चाळीस, असा सत्तर अंशांचा ठेवतो, म्हणजे मूठ आडवी धरूनही चालते. शेवटचा हात नेहमी खालच्या बेव्हलवर द्यायचा, म्हणजे बर वरच्या बाजूला येते. शिसव, खैर, बाभूळ, चिंच अशा घट्ट लाकडांवर याचा पृष्ठभाग इतका सुंदर येतो की सरळ १८० नंबरच्या पेपरवर जाता येतं. मऊ लाकडावर मात्र त्याची गंमत संपते. पांगारा, सावर, किंवा बुरशी लागून रेषा उमटलेला आंबा यावर तो तंतू कापत नाही, चिरडतो. वर गुळगुळीत वाटतं आणि तेल लावल्यावर डाग दिसतात. त्याची बर फार नाजूक असते, अर्ध्या-एक मिनिटात जाते. दर वेळी ग्राइंडरकडे जाण्याऐवजी कार्बाइडच्या दांडीने कड दाबत एक-दोनदा ओढली की बर पुन्हा उभी राहते. ही दांडी विकत घेऊ नका. कुठल्याही सीएनसी वर्कशॉपमध्ये तुटलेले सॉलिड कार्बाइडचे एंड मिल (धातू कापायचे गोल दांड्याचे कटर) पडलेले असतात, त्यातला आठ मिलिमीटरचा एक मागून घ्या आणि गुळगुळीत मागचा भाग वापरा. तुटलेलं टोक लाकडी मुठीत बसवून टाका.

तुमच्या लाकडांत फणस बहुधा तुम्हाला त्रास देत नसेल. रेन ट्री मात्र देईल: त्याचे तंतू थराथराने उलटसुलट झुकलेले असतात, त्यामुळे गॉज एका पट्ट्यात छान कापतो आणि शेजारच्या पट्ट्यात उचकटतो. वाळलेल्या रेन ट्रीच्या घट्ट गाभ्यावर हलका निगेटिव्ह रेक बरा चालतो. आंब्याचं सांगता येत नाही, झाडागणिक बदलतो. साग कातायला घेतलात तर त्यातल्या सिलिकाने बर नेहमीच्या निम्म्या वेळात जाते, हे धरून चाला. आणि शिसवाची किंवा सागाची धूळ काहींच्या त्वचेला आणि श्वासाला चांगलीच बाधते. स्क्रेपर आणि पेपर दोन्ही बारीक धूळ करतात, तेव्हा चेहऱ्याच्या शील्डखाली नीट बसणारा मास्क लावा.

कार्बाइडच्या टिपेच्या हत्यारांचं आकर्षण मी समजू शकतो. धार लावायची कटकट नाही, टीप फिरवली की नवी कड. खडबडीत ठोकळा गोल करायला, जुन्या लाकडात खिळा-माती असेल तिथे, ती कामाची आहेत. पण सपाट धरायच्या कार्बाइड टिपेने तुमच्या मूळ तक्रारीवर इलाज होत नाही. ती स्क्रेपरसारखीच खरवडते, तिची गोलाई लहान आणि ठरलेली असते, त्यामुळे तळाच्या रुंद वळणावर ती खाचा पाडत जाते. आणि आपल्या वळणाप्रमाणे तिला घासून घेता येत नाही. म्हणून पहिलं हत्यार म्हणून ती नको.

तेव्हा घ्या ते असं: २५ बाय १० मिलिमीटरचा, एम-२ हायस्पीड स्टीलचा, गोल नाकाचा आणि डावीकडे मागे वळलेला एक स्क्रेपर, लांब मुठीचा. सोबत वाकडा टूल रेस्ट आणि पांढरं व्हील. निगेटिव्ह रेकचा वेगळा स्क्रेपर आत्ता नको. दोन-चार महिने याच्यावर हात बसला आणि घट्ट लाकडं करायला लागलात की कमी जाडीची, ८ मिलिमीटरची दुसरी पट्टी घेऊन तिला तो कोन द्या, कारण त्यात भार कमीच असतो. लेथ हलका असेल तर स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवा. थरथर कमी करायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

पहिल्या वाडग्यावर एक तपासणी करा. स्क्रेपरनंतर सरळ १२० नंबरचा पेपर लावून बघा. दोन्ही केसाळ ठिकाणं सोडून बाकी तळ त्याने साफ होत असेल तर स्क्रेपर बरोबर बसला. तरीही ८० कडे परत जावं लागत असेल, तर आधी अंगठ्याने बर तपासा आणि मग रेस्टपासून कड किती बाहेर आहे ते मोजा. नवा स्क्रेपर शोधू नका.